गेरवा, खपली आणि पोचट दाणा

बाजार समितीतला जुना व्यापारी गहू कसा पारखतो ते एकदा निरखून बघा. पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळातली मूठ वर काढतो, दाणे तळहातावर पसरतो, अंगठ्याने दोन-चार फिरवून बघतो आणि भाव सांगून मोकळा होतो. प्रयोगशाळेत ज्याला हेक्टोलिटर वजन म्हणतात, त्याचाच अंदाज त्याचा हात घेत असतो. शंभर लिटरचे माप चांगल्या गव्हाने भरले तर त्याचे वजन साधारण ७५ ते ८० किलो भरते. गहू पोचट असेल तर माप शिगोशीग भरले तरी काटा खालीच राहतो. असा दाणा अंगाने बारीक असतो, पाठीवर सुरकुत्या आणि पोटावरची चीर खोल गेलेली. शेतकरी म्हणतो, दाणा चिमला.

दाणा चिमायला कारणे बरीच. शेवटचे पाणी चुकले, पेरणी लांबून फेब्रुवारीची उन्हे ओंबीवर आली, की हेच होते. पण एक कारण असे आहे, की त्याचा या दाण्यावर ठिपकासुद्धा सापडत नाही. ते कारण पानावर आणि खोडावर बसून दाण्याचे वजन चोरते. त्याला आपण तांबेरा म्हणतो, कुठे कुठे गेरवा. एक नाव तांब्यावरून, दुसरे गेरूवरून. दोन्ही रंग पाहून ठेवलेली. जोरात लागण झालेल्या शेतातून पांढरे धोतर नेसून चालत गेलात तर गुडघ्यापर्यंत विटकरी भुकटी चढते. महाबळेश्वरला या रोगावर काम करणारे केंद्र आहे, त्याचे मराठी नावच ‘गहू गेरवा संशोधन केंद्र’. पर्यटक त्या गावाला स्ट्रॉबेरीसाठी ओळखतात, गव्हावर काम करणारे गेरव्यासाठी. प्राचीन रोममधले लोक दरवर्षी २५ एप्रिलला रोबिगस या तांबेऱ्याच्या देवाला तांबूस कुत्र्याचा बळी देत. उपाय म्हणून त्याचा उपयोग शून्य, पण शत्रूचा रंग त्यांनी बरोबर हेरला होता.

गव्हावरचे तांबेरे तीन. काळा तांबेरा मुख्यतः खोडावर आणि पानाच्या आवरणावर येतो. आधी विटकरी असतो, पीक पिकत आले की काळा पडतो. नारिंगी किंवा तपकिरी तांबेरा पानावर विखुरलेल्या गोल पुटकुळ्यांच्या रूपात दिसतो. पिवळा तांबेरा पानाच्या शिरांना धरून शिवणीच्या टाक्यांसारखा रांगेने उमटतो. पिवळ्याला थंडी लागते, म्हणून तो पंजाब, हिमाचलच्या पायथ्याचा पाहुणा; आपल्या पठारावर त्याचे जमत नाही. आपल्या वाट्याला नारिंगी आणि काळा हे दोघे येतात. त्यांतला काळा जास्त घातक, कारण तो वाढतो उबेत, आणि ऊब वाढते ती नेमकी दाणे भरायच्या वेळी.

ही चोरी चालते कशी, ते पाहण्यासारखे आहे. तांबेरा ही एक बुरशी. तिचा एक बीजाणू, म्हणजे तिचे बी, एवढा लहान, की एका मिलिमीटरवर चाळीसेक ओळीने मांडता येतील. तो वाऱ्याने येऊन पानावर पडतो आणि दवाची वाट पाहतो. काही तास पान ओले राहिले की त्याला कोंब फुटतो. हा कोंब पानाच्या पृष्ठभागावर सरपटतो, तोही वाट्टेल तिकडे नाही, शिरांना आडवा. असे का? गव्हाच्या पानावर श्वास घ्यायची छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, शिरांच्या मधल्या पट्ट्यांत रांगेने असतात. आडवे गेले की कुठल्या ना कुठल्या रांगेला गाठ पडतेच. रंध्राच्या कडेचा उंचवटा त्या कोंबाला स्पर्शाने कळतो. तिथे तो थांबतो, फुगतो आणि रंध्रातून आत शिरतो. पुढची करामत पेशीच्या भिंतीपाशी होते. बुरशी भिंतीला बारीक भोक पाडून आपला एक शोषक अवयव पेशीत रोवते, पण पेशीचे आतले पातळ पटल फाडत नाही. फुग्यात बोट रुतवावे तसे ते पटल त्या अवयवाभोवती आत वळते, फुटत नाही. पेशी जिवंतच राहते आणि तिच्यातली साखर आणि नायट्रोजनयुक्त द्रव्ये पटलापलीकडे ओढली जातात.

इथेच तांबेरा आणि करप्याच्या जातीचे रोग यांची वाट वेगळी होते. करपा आणणाऱ्या अनेक बुरशा आधी पेशी मारतात आणि मग मेलेल्यावर जगतात. तांबेऱ्याला मेलेली पेशी काही कामाची नाही. त्याला दुभती गाय हवी असते. म्हणून तो यजमानाला मरू देत नाही, उलट आपल्या आसपासचा भाग तरुण ठेवतो. पान पिवळे पडू लागले तरी पुटकुळीभोवती हिरवे कडे टिकून राहते. अनोळखी माणसाला वाटेल, पान तिथे निरोगी आहे. खरे तर उरलेल्या पानातला माल त्या हिरव्या बेटाकडे ओढला जात असतो.

हवा मानवली तर सात ते दहा दिवसांत पुटकुळी फुटते आणि तिच्यातून रोज हजारो नवे बीजाणू उडतात. त्यांतला एखादाच जगला तरी पुरे. एका हंगामात अशा कितीतरी फेऱ्या होतात, म्हणून सोमवारी शेतात चार ठिपके दिसले आणि पंधरा दिवसांनी शेत गेरूत बुडाले, असे होते. बुरशीनाशकाची फवारणी पहिल्या पुटकुळ्या दिसताच करायला सांगतात, ते याचसाठी.

आता दाण्याकडे. गव्हाच्या ओंबीतला बहुतेक माल फुलोऱ्यानंतरच्या महिना-दीड महिन्यात भरतो. पहिल्या पंधरवड्यात दाण्याच्या पोटातल्या पेशींची संख्या ठरते. कोठारात खण किती ते तेव्हाच ठरते म्हणा. मग चीक धरतो आणि त्या खणांत पिष्ट भरायला लागते. हा माल येतो दोन ठिकाणांहून. एक म्हणजे वरची पाने, त्यातही ओंबीच्या लगेच खालचे ध्वजपान. दुसरे म्हणजे खोड. आधीच्या थंड दिवसांत झाडाने जास्तीची साखर खोडात साठवून ठेवलेली असते. शेवटच्या कडक उन्हात पाने थकली की ही कणगी उघडते. नारिंगी तांबेरा ध्वजपानावर बसला की रोजची आवक तुटते. काळा तांबेरा खोडावर बसला की थेट कणगीलाच भोक पडते. शिवाय त्याच्या पुटकुळ्या खोडाची साल लांबट फाडतात, त्या फटींतून पाणी उडून जाते आणि खोड इतके कमजोर होते, की एका वाऱ्यात पीक लोळते. फुलोऱ्याआधी लागण झाली तर ओंबीत दाणेच कमी बसतात. फुलोऱ्यानंतर झाली तर दाणे तेवढेच, पण पोचे.

आणि पोच्या दाण्याची गोची अशी, की त्याचा कोंडा कमी होत नाही. दाण्याची साल आधी तयार होते, पोट नंतर भरते. पोट अर्धवट राहिले तरी साल तेवढीच. गिरणीत असा गहू टाकला तर पीठ कमी आणि कोंडा जास्त निघतो, पीठ काळपट येते. बन्सीसारख्या कडक गव्हाचा रवा काढायचा असेल तर तोटा आणखी ठळक दिसतो, कारण रव्याला दाण्याचे टणक, काचेसारखे पोट लागते.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र आकडे फसवतात. दाण्यात प्रथिनांचा माल तुलनेने लवकर येतो आणि पिष्ट शेवटपर्यंत येत राहते. उशिरा येणाऱ्या रोगाने फक्त पिष्ट अडवले तर तपासणीत प्रथिनांची टक्केवारी चढलेलीसुद्धा दिसू शकते. शेतातून प्रथिने जास्त निघाली असा त्याचा अर्थ नाही. भांड्यातले पाणी आटले की आमटी खारट लागते, तसलाच हा प्रकार. उलट पानावरच्या तांबेऱ्याने पानातला नायट्रोजनच अडकवून ठेवला तर टक्केवारीही घसरते. त्यामुळे ‘तांबेऱ्याने प्रथिने वाढतात की घटतात’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. कुठला तांबेरा, कधी आला, पिकाला खत किती होते, हे आधी विचारावे लागते. हेक्टोलिटर वजन आणि हजार दाण्यांचे वजन मात्र घटते, त्यात वाद नाही.

एक दिलासा इथेच सांगून टाकतो: तांबेऱ्याच्या शेतातला गहू विषारी नसतो. पोळी कमी होते, बाधत नाही. दाण्यावरच येणाऱ्या बुरशांचे तसे नाही. ओंबीवर येणाऱ्या फ्युझारियम बुरशीने दाण्यात असे विष उतरते, की ते जनावरांना ओकाऱ्या आणते. युरोपात त्याच्या मर्यादा कायद्याने ठरवलेल्या आहेत, अमेरिकेत त्या सरकारी सल्ल्याच्या रूपात आहेत. १९३१ साली नोंद झालेल्या कर्नाल बंट या रोगात दाण्याचा एखादाच तुकडा काळी भुकटी होतो आणि उत्पन्नात फारसा फरक पडत नाही, पण त्या भुकटीला सडक्या माशाचा वास येतो. शंभरात तीनेक दाणे असे निघाले तरी पिठाची चव बिघडते, आणि अनेक देश अशा गव्हाला बंदरातूनच परत पाठवतात. तांबेरा त्या मानाने सभ्य चोर म्हणायचा.

सभ्य, पण लहानसहान नव्हे. एकोणिसाव्या शतकात नर्मदेच्या खोऱ्यात नेमलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने (ठगांच्या बंदोबस्तामुळे त्याचे नाव आपल्याला माहीत असते) गव्हाची मैलोन्मैल शेते तांबेऱ्याने अशी बसलेली पाहिली, की लोक कापणीचेही कष्ट घेईनात. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळा तांबेरा पुन्हा आला आणि सुमारे २० लाख टन गहू गेला, असा अंदाज आहे. युद्ध नुकतेच संपलेले, रेशनची दुकाने चालू, फाळणी तोंडावर. त्या वर्षी देशाला एकेक पोते मोलाचे होते.

पण मुळात प्रश्न हा, की आपल्याकडे तांबेरा दर वर्षी येतो कुठून? गव्हाखेरीज तो फारसा कुठे जगत नाही, आणि मैदानी मुलखातल्या मे महिन्यात ना गहू उभा असतो, ना उघड्यावरचे बीजाणू जिवंत राहतात. युरोपात याचे उत्तर १८६५ मध्ये सापडले होते. द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की काळ्या तांबेऱ्याची बुरशी आयुष्याचा एक टप्पा गव्हावर आणि दुसरा बार्बेरीच्या झुडपावर काढते. मग अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरीची झुडपे गावोगाव उपटून काढली. बार्बेरीचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत, आयुर्वेदातली दारुहळद त्याच कुळातली. तेव्हा दारुहळदच दोषी असे मानून मोकळे होणे सोपे होते. आग्रा कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी तसे केले नाही. डोंगर-दऱ्या हिंडून, वर्षानुवर्षे नमुने गोळा करून त्यांनी दाखवले, की भारतात दारुहळदीचा या रोगाच्या फेऱ्यात हात नाही. बुरशी उन्हाळा काढते तो थंड डोंगरांवर: उत्तरेत हिमालयात, दक्षिणेत निलगिरी आणि पळनीच्या टेकड्यांवर. तिथे हंगामाबाहेरचा गहू आणि आपोआप उगवलेली रोपे तिला सांभाळतात.

निलगिरी ते नर्मदा हे अंतर बीजाणू पार कसे करतात, हे कोडे १९७० च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवले. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. त्यांच्या वाऱ्यांवर निलगिरीचे बीजाणू उत्तरेकडे वाहून येतात आणि पाऊस त्यांना मध्य भारतातल्या कोवळ्या गव्हावर धुऊन उतरवतो. उपग्रहाच्या चित्रांवरून ढगांची वाट बघायची आणि त्यावरून रोगाचा अंदाज बांधायचा, ही कल्पना तेव्हा नवीच होती. दख्खनचे पठार या वाटेवरच पडते.

आता खपलीची गोष्ट. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पुढे बेळगावच्या पट्ट्यात हा गहू पिढ्यान्‌पिढ्या घरचा. कर्नाटकात त्याला जवे गोधी म्हणतात, गुजरातेत पोपटिया. त्याची ओंबी मळली तरी दाणा टरफलातच राहतो. खपली या शब्दातच ते चिकटून बसणे आहे. म्हणून तो उखळात कांडावा लागे. कांडणाच्या कष्टामुळे आणि उत्पन्न कमी म्हणून तो हळूहळू मागे पडला, आणि उरला तो सणावारी खिरीपुरता. हल्ली शहरांत तो पुन्हा महाग पिशव्यांतून विकला जातो, आणि त्या पिशव्यांवर काय काय छापतात ते वाचून करमणूक होते. खपलीत ग्लुटेन नसते, हे त्यातले सर्वांत खोटे. खपली गहूच आहे, ग्लुटेन आहेच. ज्यांना डॉक्टरांनी ग्लुटेन बंद केले आहे, त्यांनी खपलीच्याही वाटेला जाऊ नये.

पण त्या पिशव्यांवर न छापलेली एक गोष्ट खरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा गहू अमेरिकेत पोचला. तिथे मिनेसोटात एल्विन स्टॅकमन यांना एक त्रासदायक गोष्ट लक्षात आली होती: काळा तांबेरा ही एकच बुरशी दिसत असली, तरी तिच्यात अनेक वंश आहेत. एका जातीच्या गव्हावर एक वंश माजतो, तर दुसरा त्याच गव्हावर मार खातो. दिसायला सगळे सारखे, मग ओळखायचे कसे? १९२२ मध्ये स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी बारा गव्हांचा एक संच ठरवला. अनोळखी बीजाणू या बाराही रोपांवर टाकायचे आणि कुठे पुटकुळ्या येतात, कुठे येत नाहीत, ते मांडायचे. तो नमुना म्हणजे त्या वंशाचा अंगठ्याचा ठसा. या बारांत मार्क्विस होता, कुबांका होता, आणि शेवटी एक नाव होते खपली. जगभरच्या गहू-प्रयोगशाळांत परदेशी हातांनी हे मराठी नाव नोंदवह्यांत लिहिले गेले, आणि उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या वंशांपुढे त्याच्या रकान्यात ‘प्रतिकारक’ असा शेरा पडत राहिला.

ते शेरे लिहिण्याची पद्धतही गमतीची आहे. शून्य म्हणजे पानावर काहीच नाही, चार म्हणजे मोठी फुटलेली पुटकुळी. आणि टाचणीच्या टोकाएवढा फिकट डाग पडून बुरशी तिथेच संपली, तर चक्क अर्धविरामाचे चिन्ह काढतात. हा डाग म्हणजे काय? वणवा येताना दिसला की जंगलखात्याची माणसे पुढचे गवत आपणच जाळून जाळरेषा काढतात. आगीला पुढे खायला काही उरू नये म्हणून. प्रतिकारक रोप तेच करते. ज्या पेशीत बुरशीने तोंड घातले ती पेशी आणि तिच्या शेजारच्या चार पेशी रोप स्वतः मारते. जिवंत पेशीवाचून जगू न शकणारी बुरशी उपाशी मरते. पानाला डाग पडतो, दाणा वाचतो.

रोपाला बुरशी आल्याचे कळते कसे, हा पुढचा प्रश्न. हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसावरच्या तांबेऱ्यावर काम करताना याचा नियम मांडला: रोपाच्या एका प्रतिकारक जनुकासमोर बुरशीचे एक ठरावीक जनुक असते. बुरशी पेशीत आपली काही प्रथिने सोडते, पेशीला गप्प बसवायला. रोपाकडे त्यांतल्या एखाद्या प्रथिनाला ओळखणारे प्रथिन असेल तर बोंब होते, नसेल तर पुटकुळी. २०२२ मध्ये गव्हाच्या एसआर३५ (एसआर म्हणजे ‘स्टेम रस्ट’, आपला काळा तांबेरा) या जनुकाच्या प्रथिनाची रचना उघड झाली, तेव्हा ही बोंब म्हणजे नेमके काय तेही दिसले. बुरशीचे प्रथिन हाताशी लागले, की असे पाच रेणू एकत्र येऊन पाच पाकळ्यांचे चक्र बनवतात. ते चक्र पेशीच्या पटलात घुसते आणि त्यातून कॅल्शियम आत ओतले जाते. पेशीच्या मरणाची सुरुवात तिथून होते.

खपलीत असे काळ्या तांबेऱ्याविरुद्धचे एक नव्हे, निदान तीन जनुके ओळखली गेली आहेत. त्यांतले सर्वांत नावाजलेले एसआर१३. अडचण एवढीच, की पोळीच्या साध्या गव्हात ते आणणे सोपे नाही. साध्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, खपली आणि बन्सीत २८. दोघांचा संकर केला तर ३५ गुणसूत्रांची रोपे निघतात आणि त्यांतली बरीच वांझ. तरी चिवट माणसांनी ते केले. सिडनीच्या वॉटरहाउस यांनी स्टाइनवेडेल या ऑस्ट्रेलियन गव्हाशी खपलीचा संकर करून जी जात काढली, तिचे नावच खपस्टाइन. खपलीच्याच जातकुळीतला यारोस्लाव नावाचा रशियन गहू घेऊन अमेरिकेतल्या एडगर मॅकफॅडन यांनी १९१६ पासून असाच खटाटोप केला. त्यातून ‘होप’ ही जात आली आणि तिच्यातले एसआर२ हे जनुक पुढे कितीतरी जातींत गेले.

संकराच्या या व्यवहारात कधी कधी गुणवत्ता गहाण पडते, आणि रोगतज्ज्ञ आणि बेकरीवाला यांचे इथे जमत नाही. एसआर३१ हे जनुक गव्हाचे नव्हेच. ते राय नावाच्या दुसऱ्या धान्यातून आले, आणि येताना रायच्या गुणसूत्राचा अख्खा तुकडा बरोबर घेऊन आले. त्या तुकड्यात रायची साठवणीची प्रथिने आहेत. त्यांच्यामुळे पाव करायला मळलेली कणीक यंत्राला चिकटू लागली. तरीही रोगापासून संरक्षण एवढे चोख, की हा तुकडा जगभर पसरला. उत्तर भारतात एकेकाळी लाखो हेक्टरांवर घेतल्या जाणाऱ्या पीबीडब्ल्यू ३४३ या जातीमध्येही तो होता. उलटी उदाहरणेही आहेत. खपलीचा रानटी पूर्वज इस्राएलच्या डोंगरांत अजून उगवतो. त्याच्यात दाण्यातली प्रथिने, लोह आणि जस्त वाढवणारे एक जनुक सापडले, आणि पिवळ्या तांबेऱ्याला अडवणारे दुसरे जनुक नेमके त्याच्या शेजारी. असा शेजार मिळाला तर पैदासकाराला एकाच संकरात दोन्ही गोष्टी साधतात.

सगळी भिस्त एका एसआर३१ वर ठेवणे महागात पडले. १९९८ मध्ये युगांडात एक वंश दिसला, ज्याला हे जनुक ओळखूच शकत नव्हते. त्याचे नाव पडले युजी९९. तो केनिया, इथिओपिया, येमेन करत २००७ पर्यंत इराणमध्ये पोचला. स्टॅकमन यांचेच शिष्य नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदीत होते; मेक्सिकोत काळ्या तांबेऱ्याशी झुंजतच त्यांचे नाव झाले होते. त्यांनी पुन्हा कंबर कसली आणि जगभरच्या जाती केनिया-इथिओपियात नेऊन या वंशासमोर उभ्या केल्या. बऱ्याच जाती आडव्या झाल्या. ज्या जनुकांनी तग धरला, त्यांत खपलीचे एसआर१३ होते. २०१७ मध्ये ते जनुक नेमके शोधून वेगळे काढण्यात आले. त्याची एक खोड मला फार आवडते. काही प्रतिकारक जनुके ऊन वाढले की ढिली पडतात; एसआर६ हे जनुक २० अंशांच्या आत चांगले काम करते आणि पारा २५ कडे सरकला की हात टेकते. एसआर१३ चे उलटे आहे. १८ अंशांपेक्षा २५ अंशांवर ते जास्त जोर धरते. दख्खनच्या फेब्रुवारीत पिकणाऱ्या गव्हाला हे शोभते, असे म्हणायचा मोह होतो. तो योगायोगही असू शकेल.

मात्र इथिओपियात असेही वंश सापडले आहेत, ज्यांच्यापुढे एसआर१३ च्या जोरावर उभ्या असलेल्या बन्सी वर्गातल्या जातीही टिकल्या नाहीत. म्हणून आता एकट्या जनुकावर जात काढणे टाळतात. दोन-तीन मोठी जनुके आणि त्यांच्या जोडीला एलआर३४ सारखे (एलआर म्हणजे ‘लीफ रस्ट’, नारिंगी तांबेरा) मंद जनुक, असा मेळ घालतात. एलआर३४ बुरशी पूर्ण थांबवत नाही. पुटकुळ्या येतात, पण उशिरा, लहान आणि थोड्या. ते कोण्या एका वंशाचे प्रथिन ओळखण्यावर अवलंबून नाही, म्हणून बुरशीला त्याला चकवणे अवघड जाते. नारिंगी, पिवळा, काळा, शिवाय भुरी, सगळ्यांवर ते थोडेथोडे चालते. किंमत म्हणून पानाची टोके वाळतात. ज्याला हे माहीत नाही तो शेतकरी टोके वाळलेली पाहून घाबरतो.

खपलीचेही दिवस पालटत आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ ही बुटकी खपली काढली, धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके १०२५ आणि १०२९ काढल्या. बुटकी म्हणजे पाणी-खत दिले तरी न लोळणारी. कांडण आता यंत्राने होते.

नव्या जाती पारखण्यासाठी मात्र कुठल्याच यंत्राचा उपयोग नाही. त्यांना रोगासमोरच उभे करावे लागते. प्रयोगाच्या शेतात नव्या जातींच्या ओळी पेरतात, आणि त्यांच्या कडेने व मधून मधून एक अशी ओळ, जिला प्रत्येक तांबेरा लागतोच. तिच्यावर बीजाणू मुद्दाम फवारतात, संध्याकाळी पाणी मारून पाने ओली ठेवतात. काही दिवसांत ती ओळ विटकरी होते आणि वारा तिच्यावरची भुकटी शेजारच्या ओळींवर नेऊन टाकतो. या कामाला आपल्याकडे बहुधा ‘आग्रा लोकल’ नावाचा जुना गहू घेतात. त्याची कापणी झाली की हाती येतो तो गहू बाजारात नेण्यासारखा नसतो.